मृग बहाराची एक ओळ

पुस्तकाचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं त्याच्या.

अमरावतीत राजकमल चौकाच्या पलीकडे जुन्या पुस्तकांची एक गाडी लागते. वर स्पर्धा परीक्षांचे गाइड, मध्ये फाटक्या कादंबऱ्या आणि एकदम खाली, ज्याला कुणी हात लावत नाही असा कॉम्प्युटरच्या पुस्तकांचा ढीग. त्या ढिगातून मी फॉक्सप्रोचं पुस्तक ओढलं तर ते हललंच नाही. वर बघते तर पलीकडून एक माणूस तेच ओढत होता. चौकड्यांचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि डोळे असे की भांडायला आलेली मी अर्धं भांडण तिथंच विसरले...

"सोडा," मी म्हणाले.

"तुमी सोडा. पयले मी धरलं."

"मले कामासाठी पाहिजे."

"फॉक्सप्रो? कामासाठी?" तो एवढ्या जोरात हसला की गाडीवाल्यानं मान वर केली. "मॅडम, मेली ही भाषा. दोन हजार सातलेच कंपनीनं सांगून टाकलं, आता हिची नवी आवृत्ती निघनार नाई. मेलेल्यासंग काय काम काढलं?"

"गाडायचं काम. एका संघात अजून चालून राहिली ती. सारा प्रोग्राम काढून नवा लिहायचा आहे. सोमवारी रुजू होते मी."

त्याचं हसू गेलं नाही, पण जागच्या जागी थांबलं. मग त्यानं हळूच पुस्तक सोडलं.

"घ्या. एकशे चाळीस पानानंतर वाचा. आधीचं सारं फालतू हाये."

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी संत्रा बागायतदार संघाच्या ऑफिसात अध्यक्ष खुशालरावजींनी मागच्या खोलीचं दार ढकललं. आत तोच शर्ट. "हा गोवर्धन. तेरा वर्षं झाले, आपला प्रोग्राम हाच सांभाळते. याच्यापासून सारं समजून घे पोरी." आणि मग आम्हा दोघांच्या मधोमध उभं राहून, चहात साखर किती पाहिजे हे सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "मार्चनंतर या खोलीत एकच खुर्ची राहीन. कोनाची, ते काम पाहून ठरवू."

ते गेले. गोवर्धननं माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना?" मी विचारलं. "मी कुठं येणार ते?"

"अमरावतीत फॉक्सप्रोवाले संघ किती असनार?"

"मग पुस्तक काहून दिलं?"

"त्याच्या आधी तुमी ढिगातल्या पुस्तकाइची पानं चाळून राहिल्या होत्या, किंमत नाई विचारली. वाचनारं मानूस दिसलं." त्यानं खांदे उडवले. "बसा."

मी वर्षाली. अकोल्याच्या जुन्या शहरातली. आमच्या घरी फुलांचा धंदा. मोर्णेच्या पुलापलीकडे आई हार गुंफत बसते, मीही बसायची. एका हातात सुई, समोर टोपलीला टेकवलेला मोबाइल, आणि त्यावर पायथनचे धडे. तीन ठिकाणी मुलाखत दिली. तिन्ही ठिकाणी विचारलं, कॉलेज कोणतं? काम येतं का, असं एकानंही विचारलं नाही. त्यामुळे मार्चनंतरची ती एक खुर्ची मला पाहिजे होती. खोटं कशाला सांगू? पहिल्या दिवसापासून पाहिजे होती.

काम साधं वाटायचं. वरूडला संघाचा संत्री निवडायचा, धुवायचा आणि पॅक करायचा प्लांट आहे. बागायतदार आधी आपल्या बागेची नोंद करतो, त्याला नंबर मिळतो, आणि त्या नंबरानं त्याचा माल पट्ट्यावर चढतो. नंबर हुकला तर फळ झाडावर नाहीतर ट्रॅक्टरमध्ये मऊ पडतं. हे सगळे नंबर गोवर्धनच्या प्रोग्राममध्ये. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस लागतच नाही.

"गोवर्धन हे तर माझ्या आजोबांच्या पिढीचं नाव झालं," मी तिसऱ्या दिवशी म्हणाले.

"प्रोग्रामही म्हाताराच हाये. जोडा जमते." तो पडद्याकडे बघत राहिला. "इथी रकान्याचं नाव दहा अक्षरांच्या वर जात नाई, हे माहीत हाये काय? इंग्रजीत 'बागायतदार' लिहा, बरोबर दहा. तुमचं नाव आठ. मस्त बसते."

"मोजलं?"

त्याचे कान लाल झाले. "सवय हाये..."

"आणि तुमचं?"

"नऊ. बसते तेही." मग जरा थांबून, "दोघाइचं मिळून नाई बसत."

मी मान खाली घातली, कारण मला हसू आलं होतं.

तो बडनेऱ्याचा. मी रोज अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला यायची, तिथून शेअर ऑटोनं अमरावती. संध्याकाळी परत त्याच रस्त्यानं. मग आम्ही एकाच ऑटोत बसायला लागलो. ठरवलं कुणीच नाही, पण सहाच्या ठोक्याला दोघांचं काम बरोब्बर संपायचं. माझ्या ओढणीचं टोक चाकाकडे जायला लागलं की तो ते दोन बोटांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवायचा, आणि लगेच बाहेर बघायचा, जसं काही ते दुसऱ्या कुणी केलं.

दहा किलोमीटरचा रस्ता. त्यात तो मला रोज कॉम्प्युटरच्या एका भाषेची गोष्ट सांगायचा.

"सुरुवातीले भाषाच नवती," तो पहिल्या संध्याकाळी म्हणाला. "खोलीएवढं मशीन. एक गणित झालं की तारा उपसायच्या अन् दुसऱ्या भोकात खोसायच्या. बायाच करत होत्या ते काम. गणित शिकलेल्या पोरी."

"आणि फोटो कुणाचे छापले?"

"मानसाइचे."

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. ऑटोवाला आरशातून बघायला लागला. गोवर्धन मात्र खूश. "तुमाले राग आला की चांगल्या दिसता तुमी."

"आणि नाही आला तर?"

"...तवाही."

दुसऱ्या दिवशी आकड्यांची भाषा. नुसते शून्य आणि एक, आणि मग कुणाला तरी सुचलं की एवढ्या आकड्यांऐवजी तीन अक्षरांचा एक शब्द ठेवू. तिसऱ्या दिवशी नौदलातली एक बाई. लोक तिला म्हणायचे, मशीनला शब्द कळत नाहीत. ती म्हणाली, मग शिकवू. शब्दांचे आकडे करून देणारा प्रोग्रामच तिनं लिहिला आणि तो चालतो हे कुणी मानायलाच तयार होईना. पुढे शास्त्रज्ञांसाठी फोरट्रान आली, सूत्रं मांडणारी. ऑफिसांसाठी कोबोल आली, साध्या इंग्रजी वाक्यांसारखी. "साठ वर्षांच्या वर झाले कोबोलले. दर दहा वर्षांनी तिले मेली म्हन्ते कोनी. अन् कितीक बँका अजून तिच्यावरच चालून राहिल्या." मग सी. "लय कमी बोलते. पन चुकलं तं माफी नाई."

"माझ्या आईसारखी."

"मंग भ्या लागन तुमच्या मायले."

"तुम्हाला कशाला भ्यायचं? तुमचा काय संबंध?"

बडनेरा नाका येईपर्यंत दोघंही हसू दाबून बसलो होतो... आणि अवकाळी पावसाचे चार थेंब उगाच आत आले. त्यानं ऑटोचा पडदा ओढून धरला. हात दुखला असणार, पण स्टेशनपर्यंत सोडला नाही.

पायथनची गोष्ट त्यानं फलाटावर सांगितली, संत्रं सोलता सोलता. एका माणसाला नाताळच्या सुट्टीत काही काम नव्हतं म्हणून त्यानं ती सुरू केली. आणि आज ब्राउझरमध्ये जिथं-तिथं चालते ती जावास्क्रिप्ट दहा दिवसांत बनली होती.

"दहा दिवस," तो म्हणाला. "अन् मी एका प्रोग्रामपाशी तेरा वर्षं बसलो."

पहिल्यांदा त्याच्या आवाजात ते ऐकू आलं. मी संत्र्याची फोड हातात धरून बसले.

"गोवर्धन, तू मले सारं शिकवून राहिला," मी म्हणाले. 'तू' कधी झालं ते मला कळलंच नाही. "काहून? तुयी खुर्ची जाईन ना."

"अर्धवट शिकवलं तं तू अडकशीन."

"मग?"

"मले नाई पाहवत तुले अडकलेलं." गाडी फलाटाला लागत होती. तो उठला, माझी बॅग माझ्या खांद्याला लावली. "अन् तसंही, आपन दोघं एकाच बाकावरचे. तुया त्या मोबाइलले मराठीत सांगितलं की तो प्रोग्राम लिहून देते आताच. तारा उपसनाऱ्या पोरी गेल्या, मी चाललो... तुयी वेळ आली की सांगजो मले. जागा धरून ठेवतो."

मी त्याच्या हाताला हात लावला. भर फलाटावर, लोकांच्या देखत. एवढंच आमचं प्रेम. त्याहून जास्त कधी काही झालं नाही, आणि तरी मी रात्री अकोल्यात आईशेजारी पडून त्या हाताच्या उष्णतेवर झोपायची.

जानेवारीत खुशालरावजींनी मला बोलावलं. "गोवर्धन सांगते तेच लिहून राहिली का तू? मंग तुयं सोताचं काय? मी कोनाले ठेवू, तुले का त्याच्या सावलीले?"

ते मला लागलं. लागायलाच पाहिजे होतं, त्यासाठीच ते बोलले होते. हे आज कळतं.

प्रोग्रामचा शेवटचा भाग उरला होता. मी तो गोवर्धनजवळ बसून केला नाही. घरी आणला, आणि मोबाइलमधल्या त्या मशीनला मराठीत सांगितलं, हे जुनं आहे, नवं करून दे. मशीननं भराभरा करून दिलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं: बहार मृग असेल तर सालातून एक वजा कर. ही चूक दिसते, काढू का?

मलाही चूकच दिसली. आमच्याकडे शेवंती, झेंडू, मेथी, वांगी... लावलं त्या सालात तोडून मोकळं. साल कमी करायचं कारणच काय? मी म्हणाले, काढ.

संत्र्याचं तसं नसतं. आंबिया बहार फुलतो त्याच सालात दिवाळीच्या पुढेमागे तुटतो. मृग बहार पावसाळ्याच्या तोंडाशी फुलतो आणि तुटतो पुढच्या सालच्या फेब्रुवारीत. लोक त्याची नोंद सप्टेंबरात करून ठेवतात. ती एक ओळ काढली की नवं साल लागताच त्या सगळ्या नोंदी मागच्या सालच्या, म्हणजे संपलेल्या. वरूडचं शेंबडं पोरगंही हे सांगेल. मला माहीत नव्हतं. आणि जो सांगू शकत होता त्यानं तर विचारलं होतं.

"जे-जे बदललं ते एकदा मले दाखवजो," गोवर्धन म्हणाला होता. "सुरू करायच्या आधी."

"काही बदललं नाही," मी म्हणाले. "सगळं जसंच्या तसं आहे."

मी त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. त्यानं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातानं जुन्या कॉम्प्युटरचं बटन बंद केलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वरूडहून फोन आला. नव्या प्रोग्राममध्ये मृग बहाराचा एकही नंबर नव्हता. प्लांटवाल्यांनी मग येईल त्याचा माल चढवायला सुरुवात केली. सप्टेंबरात नोंद केलेले तीन दिवसांपासून गेटबाहेर उभे. मी आणि गोवर्धन पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली होती आणि खालच्या थरातल्या संत्र्यांचा रस ट्रॉलीच्या फटीतून गळत होता. नत्थुजी नावाचे एक म्हातारे बागायतदार, माझ्या वडिलांच्या वयाचे, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत.

"पोरी, सप्टेंबरात मायं नाव लिहिलं होतं. सतरा नंबर. कोठी गेलं व मायं नाव?"

गोवर्धन अमरावतीला परत फिरला, जुना कॉम्प्युटर सुरू केला, आणि फोनवरून मला एकेक नाव वाचून दाखवलं. मी गेटवर बसून हातानं चिठ्ठ्या लिहिल्या. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्यानं मला एकदाही विचारलं नाही की ती ओळ कुठं गेली. त्याला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी बैठक. लांब टेबल, सात संचालक, मधोमध खुशालरावजी. "चूक कोनाची?"

बोल, बोल, बोल... मी स्वतःला सांगत होते. आणि त्याच वेळी मला आईची सुईनं भोकं पडलेली बोटं दिसत होती, त्या तीन मुलाखती दिसत होत्या, ती खुर्ची दिसत होती.

गोवर्धन उठला. "मायी. मृगाची ओळ तिले सांगाचं राहून गेलं मायाकून."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काही मागतही नव्हता. तो फक्त थांबला होता. मी बोलावं म्हणून त्यानं तेवढी जागा मोकळी ठेवली होती.

मी टेबलाकडे बघत राहिले. कुणीतरी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला. एवढा वेळ होता माझ्याकडे. पुष्कळ होता.

"मंग ठरलं," खुशालरावजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खोलीत एकच खुर्ची होती.

त्यानं फोन उचलला नाही. संध्याकाळच्या ऑटोत माझी ओढणी मीच सांभाळायची. एकदा चाकात गेली, फाटली. तशीच महिनाभर वापरली.

एप्रिलमध्ये मला सहन होईना. मी खुशालरावजींच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या-उभ्या सांगून टाकलं. ओळ मी काढली. त्यानं विचारलं होतं. मी खोटं बोलले.

ते पेपर वाचत होते. पान उलटलं. "माहीत हाये मले."

"काय?"

"त्याच दिवशी माहीत होतं. तेरा वर्षं ज्याची ओळ चुकली नाई तो सांगाले विसरन काय? पन जुनं मानूस काढाले कारन लागते पोरी. त्यानं सोताच देल्लं." चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तूही लय जीव लावू नोको. पुढच्या साली हे तुयं मशीन सारं एकटंच करते म्हन्ते."

म्हणजे माझ्या त्या गप्प बसण्याची कुणाला गरजच नव्हती. मी बोलले असते तरी खुर्चीचं काय व्हायचं ते झालंच असतं. मी त्याला फुकट विकलं.

त्याच दुपारी मी बडनेऱ्याला उतरले. तो आता स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एका कंत्राटदाराकडे पावत्या लिहितो, हे चहावाल्यानं सांगितलं. ऊन असं की फलाटाच्या पत्र्याखालीही डोळे मिटायचे. तो पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. मांडीवर वही, कानाला पेन. मला बघून उठला, एक पोतं झटकलं. "बस."

मी बसले नाही. सगळं सांगितलं. केबिनमधलंसुद्धा. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"शिव्या दे मले," मी म्हणाले.

"राग असता तं देल्ल्या असत्या."

"मग फोन काहून नाही उचलला?"

तो वहीच्या कोपऱ्याची घडी घालत राहिला. "त्या दिवशी बैठकीत मी उठलो ना... मनात ठरवून उठलो होतो. खुर्ची तं मायी जानारच होती, ते मले नोव्हेंबरातच माहीत होतं. मी म्हनलं, चूक आपल्यावर घेऊ. अन् तू म्हनशीन, नाई, याची नाई, मायी. मंग मी तिथंच, सात संचालकाइच्या देखत, तुले विचारनार होतो."

"काय?"

"लग्नाचं, अजून काय?" तो हसला. पुस्तक ओढताना हसला होता तसा नाही. "येडेपना होता. खुशालरावजीनं चहा सांडला असता."

"मग आता विचार."

"आता विचारलं तं तू हो म्हनशीन."

"हो. म्हणणार."

"तेच तं." त्यानं मान वर केली. "मंग मले जन्मभर नाई समजनार वर्षाली. तो होकार मायासाठी होता, का त्या दिवसासाठी. भांडन झालं की मी तेच पाहीन. तू चहा देशीन, मी तेच पाहीन. फेडून राहिली काय ही?... असा संसार नाई होत मायाकून."

तुझ्यासाठीच, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी तोंड उघडलं. आणि ते खरं आहे की नाही हे आधी स्वतःला विचारलं, कारण या माणसाशी मी पुन्हा खोटं बोलणार नव्हते. नोव्हेंबरात विचारलं असतं, डिसेंबरात, अगदी बैठकीच्या सकाळी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. आता आत हात घातला की दोन्ही गोष्टी एकदमच हाताला लागत होत्या, आणि कुठं एक संपते आणि दुसरी सुरू होते ते सापडत नव्हतं.

तो थांबला. बैठकीत थांबला होता तसाच, घाई न करता.

अकोल्याकडची गाडी लागली. लोक धावले, कुणीतरी माझ्या खांद्याला धक्का देऊन गेलं.

"जाय," तो हळूच म्हणाला. "तुयी गाडी."

मी डब्यात चढले. दारातून पाहिलं तर तो बसला होता, वही मांडीवर, आणि पुढची पावती लिहीत होता. दुसऱ्यांदाही मी गप्पच राहिले होते. पहिल्या वेळी घाबरून. या वेळी घाबरले नव्हते, मला खरंच माहीत नव्हतं.